पेट्रोलवरचे चिपर-श्रेडर: तुंबू द्यायचे नाही, आणि तुंबलेच तर हात घालायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडच्या एका शेतकरी भावाने सेकंडहँड चिपर-श्रेडर घेतले आहे. त्यावर साधारण सात एचपीचे पेट्रोल इंजिन आहे. लिंबाची छाटणी, बांधावरचे सुबाभूळ, कपाशीच्या काड्या आणि केळीचा पालापाचोळा यांची कुट्टी करून बागेत आच्छादन करायचा विचार आहे. मशीन सारखे तुंबते, जाळीत लगदा अडकतो आणि इंजिन दम टाकते. घरचे म्हणतात, हात-बित जाईल, त्यापेक्षा सालदाराच्या (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या) हाती देऊन मोकळा हो. मशीन सुरक्षित कसे वापरायचे आणि देखभाल काय करायची, असे त्यांनी विचारले आहे.

भाऊ, तुम्ही सुरक्षा आणि देखभाल असे दोन प्रश्न केलेत, पण माझ्या लेखी तो एकच आहे. माझा धंदा छोट्या इंजिनांचा. फवारणी पंप, पॉवर वीडर, पाणी उपसायची इंजिने आणि गेल्या काही वर्षांत ही चिपरंही दुकानात येतात. नीट चालणारे चिपर सहसा कोणाला दगा देत नाही. माणूस जखमी होतो तो मशीन अडकल्यावर, ‘एवढा गुंता काढून टाकतो’ म्हणून वाकल्यावर. धार गेलेले पाते, ढिला पट्टा, चुकीची जाळी, मालासोबत गेलेली सुतळी यातल्या कशानेही मशीन तुंबते, आणि तुंबले की हात आत जायचा मोह होतो. म्हणून पान्याचे काम वेळेवर केले, तर निम्मी सुरक्षा तिथेच झाली.

आधी आत काय आहे ते डोळ्यांसमोर आणा. मशीनला दोन तोंडे असतात. बाजूचे अरुंद तोंड फांद्यांचे. त्याच्यामागे जड लोखंडी चकती असते, तिच्यावर दोन किंवा जास्त पाती बोल्टने कसलेली असतात आणि समोर एक स्थिर पाते असते. फांदी या दोन पात्यांमध्ये कापली जाते. वरचे रुंद हॉपर पाल्याचे. त्याच्या खाली, त्याच शाफ्टवर सुट्या लोंबत्या हातोड्या असतात. त्या पाला झोडपून बारीक करतात आणि तो जाळीतून बाहेर पडतो. अशी इंजिने पूर्ण रेसवर मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास फिरतात. चकती जड असल्यामुळे स्विच बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरत राहते. इंजिनचा आवाज थांबतो आणि माणसाला वाटते की मशीन थांबले. आत मात्र पाती फिरतच असतात, तीही आवाज न करता. या मधल्या वेळातच दुखापत होऊ शकते.

तुंबल्यावर काय करायचे ते सावकाश सांगतो, कारण हाच खरा भाग आहे. स्विच बंद करा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि दूर उभे राहा. कान लावून नव्हे, डोळ्यांनी खात्री करा. पट्टा दिसत असेल तर पट्टा पाहा, नाहीतर शाफ्टचे बाहेर आलेले टोक. सगळे पूर्ण थांबल्यावर स्पार्क प्लगची टोपी ओढून काढा आणि ती परत प्लगला टेकणार नाही अशी बाजूला वळवून बांधून ठेवा. हे का, तर पट्ट्याने जोडलेल्या मशीनमध्ये तुम्ही आतले चाक (म्हणजे तीच जड चकती) हाताने फिरवले की इंजिनही फिरते, आणि गरम इंजिन तेवढ्याने एखादा ठोका मारू शकते. तो एक ठोका बोटे न्यायला पुरतो. ज्या मशीनला सेंट्रिफ्यूगल क्लच (रेस वाढली तरच इंजिन चाकाला जोडणारा) आहे त्यात हे सहसा होत नाही, पण टोपी तिथेही काढायची. सवय एकच ठेवावी.

मग आधी माल बाहेर पडायची बाजू मोकळी करा. पुष्कळ जण वरच्या तोंडातून ओढत बसतात, तर गच्च बसलेला लगदा खाली जाळीवर असतो. जाळी काढा आणि लाकडी काठीने माल खाली पाडा. लोखंडी टॉमी नको. ती आत राहिली आणि मशीन चालू झाले तर ती गोळीसारखी बाहेर येते. अडकलेली फांदी काढताना चाकावर ताण असतो हे विसरू नका. फांदी सुटली की चाक एक झटका घेऊन पुढे सरकते. म्हणून चाकात लाकडाचा ठोकळा अडकवून मगच फांदी उपटा. शेवटी काठीने चाक पूर्ण एक फेरा फिरवून पाहा, कुठे घासत नाही ना. ठोकळा आणि काठी बाहेर आल्याचे पाहा, झाकणे बसवा, बोल्ट कसा, मग टोपी लावा. आत माल न घालता चालू करा आणि अर्धा मिनिट आवाज ऐका. यात दहा मिनिटे जातात. घाई असेल त्या दिवशी चिपर काढूच नये.

आता ते तुंबते का, तर आपल्या भागातली मुख्य कारणे मालातच असतात.

केळीपासून सुरू करतो, कारण तुमच्या तक्रारीतला ‘लगदा’ हा शब्द वाचूनच मला केळी दिसली. केळीच्या खांबात ९० टक्क्यांहून जास्त पाणी, आणि उरलेला लांब चिवट धागा. पाण्याने लगदा होतो आणि तो जाळीची भोके बुजवतो. धागा शाफ्टला गुंडाळतो आणि दाबत दाबत बेअरिंगच्या सीलखाली शिरतो. सात एचपीचे मशीन ताज्या खांबासाठी नाही, हे स्पष्ट सांगतो. खांब विळ्याने उभा चिरून, तुकडे करून जागेवरच ओळीत पसरा, उन्हात आपोआप बसतो. वाळलेली केळीची पाने हॉपरमध्ये चालतात, पण बारीक जाळी काढून मोठ्या गाळ्यांची किंवा पट्ट्यांची जाळी लावा. ओली पाने घालायचीच असतील तर दोन मुठी पाना-आड एक मूठ कोरड्या काड्या घाला, म्हणजे काड्या आतले चिकटलेले खरवडत नेतात. आणि काम संपले की आतून धुवा. केळीचा चीक लोखंडावर रात्रभर राहिला तर सकाळी गंज दिसतो आणि हातोड्या आपल्या पिनांवर जाम होतात.

केळीच्या बागेतला दुसरा शत्रू प्लॅस्टिक. ठिबकच्या लॅटरलचे (बारीक नळीचे) तुकडे, झाड घडाने पडू नये म्हणून बांधलेल्या पट्ट्या, घड झाकायच्या स्कर्टिंग बॅगा, फण्यांत अडकलेली सुतळी, हे सगळे पाल्यासोबत उचलले जाते. लॅटरलचा हातभर तुकडा आत गेला की तो शाफ्टभोवती गोळा होतो, गरम होतो, वितळतो आणि थंड झाल्यावर दगडासारखा घट्ट बसतो. तो काढायला शाफ्ट उतरवावा लागतो. पाला दाताळ्याने झाडून घ्यायचा आणि हॉपरजवळ नेण्याआधी एकदा ताडपत्रीवर पसरून बघायचा. कंटाळवाणे काम आहे, पण बेअरिंग बदलण्यापेक्षा स्वस्त.

कपाशीच्या काड्यांचे वेगळेच आहे. काडी मशीनला आवडते, अडचण मुळाची. चिमट्याने उपटलेल्या काडीच्या मुळाशी काळ्या मातीचा गोळा असतो, त्यात बारीक खडे. असे पंचवीस गोळे आत गेले की पात्यांची धार संपली समजा. मूळ कुऱ्हाडीने छाटून टाका किंवा काडी जमिनीलगत कापा. गुलाबी बोंडअळीसाठी कृषी विद्यापीठे सांगतात तेही इथेच बसते. फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा धरलेले पीक) न घेता डिसेंबरअखेर हंगाम आटोपायचा आणि काड्या बांधावर रचून ठेवायच्या नाहीत, कारण अळी न फुटलेल्या बोंडात, कवडीत (किडून कडक झालेल्या कपाशीत) तशीच राहते. काड्यांची कुट्टी लगेच झाली तर आतल्या अळ्याही मरतात. फक्त मर किंवा मूळकूज रोग लागलेल्या वावरातली कुट्टी त्याच वावरात परत घालू नका. आणि हो, चार पेंढ्या भरताच्या वांग्यांसाठी बाजूला काढा. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव नाही, हे चिपरवाल्यानेही मान्य करावे.

कपाशीचा पसारा किती, हेही पाहा. एकरभराच्या काड्या या छोट्या मशीनमधून काढायला दिवसच्या दिवस जातील, माणूस थकेल, आणि थकलेला माणूस चुका करतो. मोठ्या क्षेत्राला ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा श्रेडर भाड्याने आणा. तो उभ्या काड्यांवरच चालतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात ट्रॅक्टरच्या अवजारांना अनुदान असते, ज्याला घ्यायचा त्याने तिथे बघावे. तुमचे मशीन बाग, बांध आणि परसदार यासाठी आहे.

लिंबाच्या आणि बाभळीच्या फांद्यांत धोका काट्याचा. काटा बाही पकडतो, हातमोजा पकडतो, आणि फांदी ओढली जात असताना हातही ओढला जातो. फांद्या ताज्या असतानाच घाला. वाळलेली बाभूळ अशी कठीण होते की पाते सरळ बोथट पडते. सुबाभूळ मऊ, उत्तम चिरते. डिंक्या रोग लागलेल्या लिंबाची लाकडे चिरून पुन्हा लिंबाखाली पसरू नका. कण्हेर आणि फुलोऱ्यातले गाजर गवत मशीनमध्ये घालूच नका. कण्हेरीची कुट्टी चुकून गुरांपुढे गेली तर विषबाधा होते, गाजर गवताची धूळ नाकातोंडात आणि अंगावर जाऊन खाज-दमा उठवते.

ढिगाऱ्यातून माल उचलताना विंचू-सापाचे भान ठेवा. काड्यांच्या थप्पीखाली घोणस असणे आपल्याकडे नवल नाही. आधी लांब काठीने ढीग हलवा, मगच हात घाला.

आता कपड्यांबद्दल, इथे थोडा कडक बोलतो. आपल्याकडे उन्हाळ्यात रुमाल डोक्याला बांधल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही, आणि त्याची दोन टोके छातीवर लोंबत असतात. चिपरसमोर ती टोके नकोत. ऊन लागते तर टोपी घाला. बाया माल देत असतील तर पदर कमरेला घट्ट खोचून वरून जुना शर्ट घालून बटणे लावू द्या. ओढणी नको, मनगटातला सैल दोरा नको, लोंबते मंगळसूत्र आत टाका. धोतर नेसणाऱ्या आबांना या कामात लांबून देखरेख द्यावी. बूट घाला, चप्पल नाही. हातमोजे कातड्याचे, मनगटाला चपखल बसणारे घ्या. ढिले, लांब कफचे मोजे नसलेले बरे. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चष्मा, त्यावर तोंडावरची पारदर्शक ढाल असली तर आणखी चांगले, कारण हॉपरमधून दाणे, कवड्या, खडे उलटे उडतात. कानांना मफ किंवा प्लग. ८५ डेसिबलच्या वर रोज दिवसभर राहिले तर ऐकणे हळूहळू जाते, आणि या मशीनचा आवाज त्याच्या पुष्कळ वर असतो. ‘काही व्हत नही भो’ म्हणणारा एक जण प्रत्येक गावात असतो. त्याला मशीनजवळ उभे करू नका.

माल देताना तोंडासमोर नाही, थोडे बाजूला उभे राहा. फांदीचे जाड टोक आधी आत. पात्याने पकडली की सोडून द्या, शेवटपर्यंत धरून ठेवायची नाही. उरलेला बोटभर तुकडा ढकलायला पुढची लांब फांदी वापरा किंवा लाकडी दांडा, हात किंवा पाय कधीच नाही. वाकून आत बघायचे नाही. आधी रेस पूर्ण करा, मग माल द्या. कमी रेसवर दिलेला माल हमखास अडकतो. इंजिनचा आवाज जड झाला की हात थांबवा, पुन्हा मोकळा झाला की पुढचा घास. पाच-सात सेंटिमीटरपेक्षा जाड लाकूड, पुस्तिकेत कितीही लिहिलेले असो, जुन्या मशीनला देऊ नका. ते चुलीला ठेवा. मशीन सपाट, घट्ट जमिनीवर हवे, माल उडतो त्या दिशेला माणूस, पोर, जनावर कोणी नको. कामाला दोन जण असावेत, पण माल देणारा एकच. दुसरा ढीग लावेल आणि लक्ष ठेवेल.

सेकंडहँड मशीन म्हटल्यावर मी पहिल्यांदा तोंडाची लांबी पाहतो. जास्त माल लवकर जावा म्हणून काही जण वेल्डिंगवाल्याकडून तोंड कापून आखूड करतात किंवा त्यावरची रबरी झडप काढून टाकतात. तोंड लांब ठेवण्यामागे हिशेब असतो, हात पात्यापर्यंत पोचू नये एवढाच. मळणी यंत्रांत हात गेलेल्यांची संख्या इतकी वाढली होती की १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदाच केला, आणि मळणी यंत्राच्या भारतीय मानकात माल घालायचे तोंड किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातले ४५ सेंटिमीटर झाकलेले असावे असे ठरले. चिपरला ते मानक जसेच्या तसे लागू नाही, पण कारण तेच. तुमच्या मशीनचे तोंड कापलेले असेल तर परत पत्रा जोडून घ्या, झडप नसेल तर जुन्या कन्व्हेयर पट्ट्याची लावून घ्या. पट्ट्यावरचे गार्ड नसेल तर तोवर मशीन चालवूच नका. स्विच खरोखर इंजिन बंद करतो का, तेही पाहा. पुष्कळ जुन्या मशीनमध्ये त्याची वायर तुटलेली असते आणि मालक चोक ओढून बंद करत असतो.

पेट्रोलबद्दल सध्या एक नवी कटकट आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते, आणि अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असे लिहिलेले असते. नवे इंजिन असेल तर पुस्तिका वाचा. जुन्यात मात्र इथेनॉल रबरी नळ्या, कार्बोरेटरचा डायफ्रॅम किंवा गॅस्केट फुगवते, आणि हवेतला ओलावा ओढते. उपाय साधा: लागेल तेवढेच पेट्रोल आणा, महिनाभर टाकीत ठेवू नका, आणि काम संपल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत काही उरत नाही. नळी हाताला चिकट किंवा फुगलेली लागली तर लगेच बदला. तिची किंमत काही नाही, पण गरम सायलेन्सरवर गळलेले पेट्रोल सगळे घेऊन जाईल.

आगीचा धोका आपल्याकडे खरा आहे. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा ४५च्या आसपास असतो, पाला कुरकुरीत, वारा सुटलेला. सायलेन्सरभोवती भुगा साचला की तो धुमसतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन बंद करून भुगा ब्रशने झाडा. पेट्रोल भरायचे ते इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, काड्यांच्या ढिगापासून लांब, आणि बिडीवाल्याला आधी हाकलून. पाण्याची बादली आणि ओले पोते शेजारी हवे. उन्हाळ्यात हे काम सकाळी नऊ-दहापर्यंत आटोपा. दुपारी इंजिनलाही ऊन लागते आणि माणसालाही. मशीन गोठ्यात किंवा बंद शेडमध्ये चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही.

देखभालीत सगळ्यात जास्त दुर्लक्षित वस्तू हवेचा फिल्टर. चिपरच्या धुळीत तो रोज बघावा लागतो. वरचा फोम साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलचे चार थेंब चोळून पिळून बसवा. आतला कागदी फिल्टर फक्त हळू आपटून झाडायचा, धुवायचा नाही, आणि पंक्चरवाल्याच्या हवेच्या नळीने त्याला भोके पाडायची नाहीत. इंजिन हवेवर थंड होते, म्हणून सिलिंडरच्या पंख्या आणि दोरीच्या बाजूची जाळी मोकळी ठेवा. कपाशीची रुई तिथे बरोबर जाऊन चिकटते.

ऑइल रोज चालू करण्याआधी, मशीन सपाट ठेवून बघा. आपल्या हवेला १०डब्ल्यू-३० किंवा एसएई ३० चालते, पुस्तिकेत असेल ते. या आकाराच्या इंजिनात साधारण ६०० मिलिलिटर बसते. नवीन इंजिनचे पहिले ऑइल २० तासांत बदला. नंतर कंपन्या साधारण १०० तास म्हणतात, पण धुळीच्या कामात मी ५० तासांवर बदलायला सांगतो. तुमच्यासारख्या सेकंडहँड मशीनचे आधीचा मालक काय म्हणतो ते न ऐकता आजच बदला. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर. गव्हर्नरच्या (फेऱ्या आवरणाऱ्या भागाच्या) स्प्रिंगला हात लावून रेस वाढवू नका. फेऱ्या वाढल्या की हातोडी पिन तोडून बाहेर यायला वेळ लागत नाही.

पाती. त्यांची धार गेल्याची खूण ही की फांदी आपोआप ओढली जात नाही, ढकलावी लागते, आणि ढलप्यांऐवजी तंतू आणि भुकटी पडू लागते. धार लावायला पाती जोडीने काढा आणि दोन्ही सारखीच घासा. लावून झाल्यावर किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्हींचे वजन करा. एक हलके झाले तर चाक थरथरते, आणि ती थरथर बेअरिंग खाते. मूळ उतार आहे त्याच कोनात, एकाच बाजूने घासायचे, सपाट बाजूला हात लावायचा नाही. ग्राइंडरवर निळे पडले की पोलाद मऊ झाले, म्हणून पुन्हा पुन्हा पाण्यात बुडवा. चीर पडलेले पाते वेल्डिंग करू नका, फेकून द्या. बसवताना बोल्ट कंपनीच्याच दर्जाचे हवेत, डोक्यावर १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला असतो तसे. हार्डवेअरचा साधा बोल्ट तिथे चालत नाही. फिरते आणि स्थिर पाते यातली फट पुस्तिकेप्रमाणे, बहुतेक मशीनमध्ये ती एक-दीड मिलिमीटरच्या आसपास असते. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्रत्येक पात्यापाशी मोजा. फट जास्त झाली की सालपट मधे दुमडते आणि तिथूनच तुंबणे सुरू होते. तुमच्या मशीनचे दुखणे लगद्याखेरीज इथे असेल असा माझा अंदाज आहे.

हातोड्यांची एक कड गोल झाली की उलटवून दुसरी वापरा. तुटली तर समोरासमोरची जोडी बदला. पट्टा अंगठ्याने दाबून साधारण एक सेंटिमीटर दबावा. तो चकचकीत झाला असेल किंवा जळका वास येत असेल तर घसरतो आहे. बेअरिंगला ग्रीस जपून, जास्त भरले तर सील फुटते. काम संपून सगळे थांबल्यावर बेअरिंगच्या कॅपवर हात ठेवून पाहा. हात ठेववत नसेल तर शाफ्टला नक्की काहीतरी गुंडाळलेले आहे.

कुट्टी बागेत घालताना पाच ते आठ सेंटिमीटरचा थर पुरे. खोडापासून हातभर लांब ठेवा, आपल्याकडे वाळवी सरळ खोडाला लागते. काड्यांची ताजी कुट्टी मातीत मिसळू नका, ती कुजताना नत्र ओढते आणि लिंबू पिवळे पडते. वर पसरली तर फारसा त्रास नाही. मिसळायचीच असेल तर शेणकाला (पाण्यात कालवलेले शेण) आणि थोडा युरिया टाकून ढीग लावून कुजवा.

सालदाराचे म्हणाल, तर धोका दुसऱ्याच्या हाती दिल्याने कमी होत नाही. आधी तुम्ही स्वतः प्लगची टोपी काढणे, जाळी उतरवणे, तुंबलेले मोकळे करणे हे बंद मशीनवर करून बघा. मग त्याला तुमच्यासमोर करू द्या. त्याच्यासाठी चष्मा, मोजे, बूट वेगळे घ्या, तुमचेच अर्धेमुर्धे देऊ नका. उक्त्यावर (पूर्ण कामाची एकच रक्कम ठरवून) हे काम देऊ नका, कारण उक्ते म्हटले की घाई आली. तो एकटा असताना मशीन चालू करायचे नाही, हे ठरवून सांगा. हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर कोणी तरी पाहिजे.

पावसाळ्याच्या तोंडाला मशीन ठेवून देताना पेट्रोल रिकामे करा, ऑइल बदला, प्लग काढून त्या भोकात चमचाभर ऑइल टाका आणि दोरी दोन-तीनदा हळू ओढून प्लग परत लावा. चाक आणि पाती धुऊन वाळवा, त्यांना ग्रीसचा हात फिरवा. पट्टा ढिला करून ठेवा. फळीवर उभे करून वर ताडपत्री टाका, पण गच्च बांधू नका, खालून हवा खेळली पाहिजे.